वैजयंतीबाईंचा लवचिक अभ्यासक्रम

पेडगावात वैजयंतीबाईंच्या शिक्षणाची चौकशी केली, की एकच उत्तर मिळायचं, "शिकायल्यात म्हणे कायतरी." पुढचं विचारण्यात अर्थ नव्हता. त्या नक्की काय शिकतात हे सांगू शकेल असा माणूस गावात नव्हता. त्यांचे यजमान शिवकांतराव रोज शेजारी बसून जेवत, पण त्यांनाही त्या अभ्यासक्रमाचं नाव पाच वर्षांत पाठ झालं नाही. यात त्यांचा फारसा दोष नाही. 'आंतरविद्याशाखीय उदार अध्ययनातील लवचिक पदव्युत्तर प्रमाणपत्र' हे एका दमात म्हणायचं तर मध्ये घोटभर पाणी प्यावं लागतं.

"म्हंजी कोन्ता विषय?" बाईंच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक विचारी.

"सगळेच थोडे थोडे. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र, समाज. सगळं एकत्र."

"मग हे झाल्यावर मास्तरीण होता येतंय का?"

"नाही."

"मग पगार वाढतोय?"

"मला कुठंय पगार!"

यावर गिऱ्हाईक कीव केल्यासारखी मान हलवून पाव किलो साखर घेऊन निघून जाई. बाई पुढच्या पुडीचा दोरा इतका आवळत की कागद फाटायचा.

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. गावच्या चौकातलं किराणा दुकान सासऱ्यांच्या, राजेश्वरअप्पांच्या वेळेपासूनचं. बाई परभणीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाल्या, त्याही पहिल्या वर्गात, आणि निकाल लागला त्याच महिन्यात लग्न झालं. एम.ए.चा कोरा फॉर्म माहेरच्या ट्रंकेत राहिला. "लग्नानंतर शिक की, कोण नको म्हणतंय?" असं सगळ्यांनी सांगितलं होतं. खरंच, कुणी नको म्हटलं नाही. पण 'हो'सुद्धा कुणी म्हटलं नाही. नको म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. ही दुसरी तऱ्हा फार वाईट, तिच्यात माणसाची एकवीस वर्षं कुठं गेली ते कळत नाही.

टाळेबंदीच्या साली मुलगी अनुपमा पुण्याहून घरी येऊन राहिली होती. कंटाळून मोबाइल चाळता चाळता तिला दूरशिक्षणाच्या एका विद्यापीठाची ही जाहिरात सापडली. "आई, हे बघ. घरबसल्या करायचं. वर्ग नाहीत, हजेरी नाही. चार पेपर, एक प्रकल्प आणि शेवटी तोंडी परीक्षा. दोन वर्षांत कर, नाहीतर पाच वर्षांत. तुला जमेल तसं. लवचिक आहे."

त्या एका शब्दानं बाईंचा पुढं पाच वर्षं छळ मांडला.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा मात्र बाई हरखून गेल्या होत्या. त्यात जात्यावर एक अख्खा धडा होता. जातं कुठल्या दगडाचं, ते घडवणारे लोक कोण, दळताना बायका काय गायच्या, गिरणी आल्यावर गावातलं काय काय बदललं, हे सगळं एकाच धड्यात. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचा असा अभ्यास होऊ शकतो हे बाईंना ठाऊकच नव्हतं. त्यांनी तो धडा तीनदा वाचला. मग उठून परसात पालथं पडलेलं सासूबाईंचं जातं धुऊन पुसून सरळ करून ठेवलं. भागम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "दळायचं हाय का काय?" बाई म्हणाल्या, "नाही, बघायचंय." म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायच्या आठवड्यात राजेश्वरअप्पा गेले. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, पण पाहुणे पाळावेच लागतात. महिनाभर घरात पंधरा-वीस पानं उठत होती. तारीख निघून गेली तेव्हा शिवकांतराव समजुतीच्या स्वरात म्हणाले, "जाऊ दे. तुझं काय, कधीबी करता येतंय की."

हे वाक्य बाईंनी नंतर इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा त्यांच्या कानात ते वाजे. अनुपमाचं लग्न ठरलं, तेव्हा हेच. नणंदेचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यात बसायला माणूस हवं होतं, तेव्हा शिवकांतरावांना दुकान होतं, दिराला नोकरी होती, जावेच्या मुलाची दहावी होती. सगळ्यांच्या कामांना तारखा होत्या. बाईंचं तेवढं लवचिक होतं, म्हणजे ते कुणीही हवं तिकडं वाकवावं. ज्या पोरीनं हा फॉर्म भरला, तिनंसुद्धा बाळंतपणाला आईला पुण्यात बोलावून घेताना फोनवर तेच म्हटलं, "पेपर पुढच्या खेपेला दे ना आई. चालतं ना त्यात?" बाई हो म्हणाल्या आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडल्या. नातवाचं तोंड बघायला त्या आतुर होत्या, पण रडूही खरं होतं.

तरी त्यांनी चार पेपर दिले. दोन तिसऱ्या वर्षी, दोन चौथ्या वर्षी, त्यातला एक अंगात ताप असताना. राहिला प्रकल्प आणि तोंडी परीक्षा. विद्यापीठाचं पत्र आलं: नोंदणीचं हे पाचवं आणि अखेरचं वर्ष आहे, या वर्षीची तोंडी परीक्षा चुकल्यास आधीचे सर्व पेपर रद्द समजण्यात येतील. लवचिकपणा संपला होता. बाईंनी ते पत्र दुकानात काट्याच्या मागं चिकटवून ठेवलं, नवऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील असं.

प्रकल्पाचा विषय त्यांनी मनात केव्हाच पक्का केला होता. शाळेमागच्या गल्लीतली अकरा घरं दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, थेट कोल्हापूरच्या बाजूला. घरांना कुलपं लागतात आणि किल्ल्या वैजयंतीबाईंच्या दुकानात येतात. हा राजेश्वरअप्पांच्या वेळेपासूनचा दस्तुर. उसाच्या फडात, पालाच्या झोपडीवजा कोपीत किल्ली हरवते. शिवाय मागं घराचं छप्पर उडालं, भिंत खचली, तर कुणीतरी आत जाऊन बघायला हवं. म्हणून काउंटरच्या मागं एक जाडजूड खिळा आहे आणि त्याला अकरा किल्ल्या लटकतात. सगळी कुलपं एकाच बाजारातली, त्यामुळं किल्ल्या दिसायला सारख्या. ओळख पटावी म्हणून प्रत्येक घर आपल्या किल्लीला घरातल्याच जुन्या लुगड्याची चिंधी बांधून देतं. कुणाची हिरवी, कुणाची काठाची. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. आपल्या लुगड्याची चिंधी कोण विसरतं?

जाताना ही माणसं घरात काय ठेवून जातात, यावर बाईंचा प्रकल्प होता. त्या साली दिवाळीत, लोक निघायच्या आधी, त्या वही घेऊन घरोघर बसल्या. कुणी पोत्यात बांधलेला टीव्ही ठेवला होता, कुणी शिवणयंत्र, कुणी आजाराचे कागद पत्र्याच्या डब्यात. कडूबाईच्या घरात तिची लेक राणी हिची सायकल होती, दोरानं आढ्याला टांगलेली. राणी आता नांदायला गेली होती, पण सायकल खाली काढायचं कडूबाईच्या जिवावर येई. "खाली ठिवली की उंदरं टायर कुरतडत्यात," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आन् वर असली की दारात पाय ठिवल्याबरुबर दिसती, वैनी."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. इतकं चांगलं वाक्य आपल्या वहीत आलं याचा त्यांना त्या दिवशी फार आनंद झाला.

पण प्रकल्पाला मार्गदर्शक लागतो. पहिले मार्गदर्शक इतिहासाचे. ते म्हणाले, यात सनावळी नाही, हा समाजशास्त्राचा विषय. समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, यात आकडे नाहीत, हा साहित्याकडं न्या. साहित्यवाल्यांनी दोन महिने ई-मेलला उत्तरच दिलं नाही. सगळ्या शाखा एकत्र आणणारा अभ्यासक्रम आणि एकाही शाखेला बाईंचा प्रकल्प दारात उभा करवेना! शेवटी महारुद्र सर मिळाले. ते नियमांचे पक्के. त्यांनी प्रकल्प वाचला की नाही देव जाणे, पण गोपनीयतेचं हमीपत्र बारकाईनं वाचलं.

"ताई, सहभागींची नावं कुठंही नकोत. क्रमांक द्या. फोटोतही ओळख पटेल असं काही नको. हे किल्ल्यांचे फोटो परत काढा, त्या चिंध्यांवरून ओळख पटू शकते."

"सर, ओळख पटावी म्हणूनच त्या बांधलेल्या असतात."

"तेच म्हणतोय मी. काढा त्या."

बाईंनी अकरा चिंध्या सोडल्या, किल्ल्यांना पुठ्ठ्याचे क्रमांक बांधले, पांढऱ्या चादरीवर मांडून नवे फोटो काढले. कोणता क्रमांक कोणाचा, हे वहीच्या एका पानावर लिहून ठेवलं. महिन्याभरानं सरांचा दुसरा निरोप आला: नाव आणि क्रमांक जोडणारी यादी प्रकल्प सादर करण्यापूर्वी नष्ट करावी आणि तशी तारखेनिशी सही द्यावी. त्याशिवाय प्रकल्प पुढं जाणार नाही.

इथं एखाद्या लबाड माणसानं सही करून यादी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली असती. वैजयंतीबाई चौदा वर्षं गावच्या बचत गटाच्या सचिव होत्या. सही म्हणजे सही. त्यांनी ते पान गॅसवर धरलं आणि राख मोरीत सोडली. सगळं पाठ आहे असं त्यांना वाटत होतं. त्या आठवड्यात ते होतंही. लोक येणार पाडव्याच्या सुमाराला. तोंडी परीक्षा त्याआधी उरकलेली असेल, मग निवांत बसून जुळवू, असा त्यांचा हिशेब. पण महिन्याभरातच पाच कुणाची न् नऊ कुणाची, सगळा गोंधळ झाला. अकरातला सात तेवढा त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. सात म्हणजे कडूबाई. ते सायकलचं वाक्य त्यांनी प्रकल्पात चार ठिकाणी घातलं होतं, खाली 'सहभागी क्रमांक सात' असं लिहून.

फाल्गुनात तोंडी परीक्षेची तारीख आली. सकाळी अकरा, मोबाइलवर. बाईंनी आठ दिवस आधी घरात बजावलं, "त्या दिवशी मला कुणी हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी."

"खरंच लागली तर?" शिवकांतरावांनी गमतीनं विचारलं.

"तरी नाही! पाच वर्षं तुमच्या सगळ्यांच्या आगीच विझवल्यात मी."

त्यांचा चेहरा बघून शिवकांतरावांनी पुढची गंमत गिळली. भागम्मा हातावर लिंग घेऊन पूजेला बसल्या होत्या, त्यांनीसुद्धा एक डोळा उघडून सुनेकडं बघितलं.

त्या दिवशी दुकानामागच्या खोलीत बाई पावणेअकरालाच जाऊन बसल्या. साबणाच्या खोक्यांवर मोबाइल उभा केला, प्रकल्पाची प्रत मांडीवर घेतली, आतून कडी घातली. पडद्यावर अक्षरं आली: 'कृपया प्रतीक्षा करा. परीक्षक आपल्याला लवकरच बोलावतील.' अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. अक्षरं हलेनात.

तेवढ्यात चौकात ट्रॅक्टरचा आवाज आला.

त्या साली ऊस कमी होता, कारखान्यानं पंधरा दिवस आधीच गाळप बंद केलं आणि टोळी घरी परतली. ट्रॉलीतून बायका, पोरं, भांडी, कोंबड्या उतरल्या आणि सगळी गल्ली दस्तुराप्रमाणं दुकानापुढं किल्ल्यांसाठी उभी राहिली. बाईंना आतून सगळं ऐकू येत होतं. शिवकांतराव खिळ्यावरच्या किल्ल्या काढून म्हणाले, "अगं, ह्याच्या चिंध्या कुठायत? नंबर कसले घातलेस?"

बाईंना उठावं असं वाटलं, आणि नेमकं मोबाइलनं टिंग केलं. त्या खुर्चीला चिकटून राहिल्या. ते टिंग कसल्यातरी जाहिरातीचं होतं.

दारावर थाप पडली. हलकी, संकोचानं मारलेली.

"वैनी, मी कडूबाई. तेवढी किल्ली कंची ते सांगता का? लई बसून आलाव, ह्यास्नी जरा आडवं करायचं हाय."

बाईंचे डोळे पडद्यावर होते. कृपया प्रतीक्षा करा. पाच वर्षांत अप्पा, नणंद, अनुपमा, जाऊ, नवरा, कुणालाच त्या थांब म्हणाल्या नव्हत्या. तो सगळा साठलेला राग बाहेर पडला तो दारापलीकडच्या बाईवर.

"थांब म्हणते ना! तासभर थांबायला काय झालं? माझं काही काम नसतं का? ज्याला त्याला आत्ताच पाहिजे!"

पलीकडून कडूबाई म्हणाली, "बरं, वैनी," आणि तिची पावलं दूर गेली.

बाईंना त्या क्षणी वाईट वाटलं नाही, उलट फार बरं वाटलं. एकदा तरी कुणाला थांबवलं.

परीक्षकांनी त्यांना साडेबाराला बोलावलं. दोघं होते. एकाचा चेहरा दिसत होता, दुसऱ्याचं नुसतं कपाळ आणि पंखा. उशिराबद्दल कुणी काही बोललं नाही.

"हा विषय नक्की कोणत्या शाखेत बसतो?" कपाळानं विचारलं.

"सर, अभ्यासक्रमाच्या नावातच आंतरविद्याशाखीय आहे."

"हो, ते आहे. पण मूळ शाखा कोणती?"

बाईंनी जात्याच्या धड्यापासून सांगायला सुरुवात केली. वस्तू कशी वाचायची, मागं राहिलेल्या वस्तूंतून परत यायचा शब्द कसा दिसतो, असं त्यांनी रात्र रात्र घोकलं होतं. दुसऱ्या वाक्याला पहिले परीक्षक म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, वाचलंय आम्ही." मग पानं उलटल्याचा आवाज झाला. "एक मात्र कौतुक करायला हवं. गोपनीयतेचे नियम तुम्ही फार काटेकोर पाळलेत. इतरांकडून हे होत नाही. यादी नष्ट केल्याचं हमीपत्रही आहे. फार छान."

बाहेर गल्लीतून कुणाचा तरी चढा आवाज येत होता, "दुसऱ्याची किल्ली मह्या कुलपाला लावायची न्हाई, सांगून ठिवते!"

सर, तुमच्या त्या छान नियमामुळं बाहेर अकरा घरं उन्हात उभी आहेत, हे वाक्य बाईंच्या जिभेवर पूर्ण तयार होतं. पण समोर पाच वर्षं होती. त्या म्हणाल्या, "धन्यवाद सर."

"अभिनंदन. उत्तीर्ण."

आठ मिनिटांत आटोपलं. पडदा काळा झाला. बाई तशाच बसून राहिल्या. आनंद होईल म्हणून त्यांनी जरा वाट बघितली. मग कडी काढून बाहेर आल्या.

बाहेर काय झालं ते त्यांना तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिला अर्धा तास भांडणात गेला, कारण आपल्या कुलपात परकी किल्ली घालू द्यायला कुणी तयार नव्हतं. मग शिवकांतराव सगळ्या किल्ल्या घेऊन गल्लीच्या अलीकडच्या टोकापासून एकेक दार लावून बघत निघाले. आणि तिथं भलतंच उघडकीला आलं. चार नंबरच्या किल्लीनं तीन घरं उघडली. दोन नंबरच्या किल्लीनं दोन. बाजारातली स्वस्तातली कुलपं, कुणाचीही किल्ली कुणालाही चालत होती, आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. काहीजण हसले. काहीजणांनी शेजाऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं की ती नजर पुन्हा सरळ व्हायला वेळ लागेल.

कडूबाईचं घर गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला. तिची पाळी सगळ्यांत शेवटी आली. तोवर तिचा नवरा राधाकिशन दुकानाच्या पायरीवर बसून होता, वैजयंतीबाईंच्या बंद दारापासून चार पावलांवर. शेवटच्या आठवड्यात कोयता पायावर बसला होता, सात टाके पडले होते, फडक्यातून पाणी झिरपत होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्याला खांद्याला धरून दोघंजण घरी नेत होते. त्यानं बाईंना बघून हात जोडले.

"पायाचं मला कुणी सांगितलंच नाही," बाई शिवकांतरावांना म्हणाल्या.

"तूच तर म्हणलीस, आग लागली तरी हाक मारू नका."

त्यांचं बोलणं चालू असताना कडूबाई पाणी प्यायला दुकानातल्या माठाशी आली आणि तिथंच थबकली. माठाखाली एक चुंबळ होती. बाईंनी सोडून टाकलेल्या अकरा चिंध्या भागम्मांना चिंध्यांच्या गाठोड्यात सापडल्या होत्या, आणि म्हातारीनं त्या पिळून माठाला बसकण केली होती. कडूबाईनं वाकून त्यातल्या एका काठाला बोट लावलं. "ही मह्या मायच्या लुगड्याची," ती म्हणाली. तिनं ती ओढून काढली नाही. पाणी पिऊन गेली.

प्रमाणपत्र आश्विनात टपालानं आलं. सोबत प्रकल्पाची शिक्का मारलेली प्रत. शिवकांतराव परभणीला जाऊन चौकट करून आले आणि काउंटरमागं, किल्ल्यांच्या खिळ्याच्या वर, त्यांनी स्वतः ते लावलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानानं दाखवत. नाव अजूनही पाठ नव्हतं, पण आता वाचून दाखवता येत होतं. "एवढंच व्हतं तर आधीच करून टाकायचं," असंही ते एकदा म्हणाले. बाईंनी फडकं घेऊन काटा पुसायला घेतला.

दिवाळी झाली. टोळी निघायच्या आदल्या दिवशी किल्ल्या यायला लागल्या. तिघांनी नवी भारी कुलपं घेतली होती, त्यांच्या किल्ल्या त्यांच्याच गळ्यात गेल्या. सातजणांनी चिंध्या बांधून आणून दिल्या. संध्याकाळच्या सुमाराला कडूबाई आली. किल्ली तिच्या मुठीत होती, तिच्या अंगावरच्याच पदराची पट्टी तिला बांधलेली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

कडूबाईनं चौकटीकडं बघितलं. "ह्येच का ते? आमच्या किल्ल्यांवर लिवलेलं?"

"हो. म्हणजे ते पुस्तक वेगळं आहे."

"वाचून दाखवा की. आमचं काय लिवलंय?"

बाईंनी लगबगीनं प्रत काढली. सायकलचं पान त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी वाचलं, "'वर असली की दारात पाय ठिवल्याबरुबर दिसती.' सहभागी क्रमांक सात."

कडूबाईचा चेहरा उजळला. "हे तर मी म्हणले व्हते! मग सात कोण?"

"तूच. नावं लिहायची नाहीत असा नियम होता. तुला सात दिला होता. बाकीचे मी विसरले, पण तुझा सात मात्र मी विसरलेच नाही बघ," बाई म्हणाल्या. कडूबाईला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या.

कडूबाई जरा वेळ त्या पानाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

"म्हंजी त्या दिशी तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली.

दाराआड बसल्या असताना बाईंना हे सुचलंच नव्हतं. खरोखर सुचलं नव्हतं. पण आता ते कुणाला सांगणार?

"दार उघडाया कशाला पायजे व्हतं, वैनी? आतून नुसतं सात म्हणलं आसतं, तरी ह्यास्नी मी घरी नेलं आसतं."

ती रागानं बोलली नव्हती. तिनं मूठ उघडली, किल्लीकडं बघितलं, आणि ती पदराच्या टोकात घट्ट गाठ मारून कमरेला खोचली.

"औंदा जाऊबाईकडं ठिवते," ती म्हणाली. "तुमाला आता अभ्यासबी आसंल." आणि पावशेर चहाची पुडी मागितली.

बाईंनी पुडी बांधली. दोरा या वेळी त्यांच्याकडून आवळलाच जाईना.